मेकअप केलेली होडी

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका ज्युनिअरने हळूच विचारलं, ‘सर, तुमच्याकडे स्वतःची बोट आहे म्हणे?’ त्याचे डोळे असे काही चमकले की मला घाईघाईने खुलासा करावा लागला. बाबा रे, तुझ्या डोक्यात आहे ती ही बोट नव्हे. पांढरे सोफे, गार शॅम्पेन, मागे गोव्याचा सूर्यास्त, यातलं काहीही नाही. आमच्या बोटीला इंजिन नाही, छप्पर नाही, धड बसायला जागा नाही. लांबी सव्वातेरा फूट. किंमत चांगल्या सेकंडहॅण्ड बाइकपेक्षा कमी. आणि आमच्याकडे आल्यावर पहिली दीड वर्षं ती पाण्यात कमी आणि मामाच्या वाडीत दोन ड्रमांवर उलटी जास्त होती.

‘मग घेतली कशाला?’ त्याने विचारलं. प्रश्न एकदम करेक्ट. या कॉलममध्ये आपण जुनी बुलेट खोलली, गॅलरीत टोमॅटो लावले, पावाचं पीठ आंबवताना किचन आंबवलं. या सगळ्या सुट्टीच्या उद्योगांमध्ये मी तुम्हाला बोटीबद्दल आजवर एक शब्द सांगितला नव्हता. त्याला कारण आहे. यात माझी चूक आहे, आणि ती साधीसुधी नाही.

तर सुरुवातीपासून.

माझा पार्टनर (नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे) आणि मी शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायचो. २०२२च्या सुरुवातीला आम्ही दोघांनी मुंबईत वीकेण्डचा एक सेलिंग कोर्स केला. दोन दिवस उन्हात भाजलो, चार वेळा पाण्यात पडलो आणि सोमवारी एक्सेल शीटसमोर बसल्यावर कळलं की आता आपलं काही खरं नाही. गणपती झाले आणि कुणीतरी सांगितलं की एका ठिकाणी शेडच्या मागे जुनी फायबरची शिडाची होडी पडून आहे. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिच्यात गुडघाभर गवत उगवलं होतं आणि एक कुत्री पिल्लांसकट मुक्कामाला होती. डोलकाठी होती, बूम होता, एक शीड होतं, तेही उंदरांनी चाखलेलं. पंधरा हजार. अर्धे त्याचे, अर्धे माझे. कुत्रीची सोय लागेपर्यंत दोन आठवडे थांबलो आणि मग टेम्पोत घालून बोट माझ्या मामाच्या वाडीत आणली, रेवदंड्याजवळ. मागे बाहेर आलेल्या टोकाला मामाचा लाल पंचा बांधला होता.

आता जरा खानदान सांगतो, कारण ते ऐकून आमची कॉलर टाइट झाली होती. ही होडी ‘एन्टरप्राइज’ जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्लिश डिझायनरने १९५६मध्ये ती काढली. तेव्हा ‘न्यूज क्रॉनिकल’ नावाचं एक वर्तमानपत्र तिच्या पाठीशी उभं राहिलं. तिची ओळख म्हणजे फिकट निळं शीड. गंमत बघा, ते वर्तमानपत्र १९६०मध्ये बंद पडलं आणि निळी शिडं मात्र अजून जगभर फिरतायत. सुरुवातीला या होड्या प्लायवूडच्या असायच्या, पुढे फायबरग्लासच्या आल्या. १९८२च्या एशियाडची शिडांची शर्यत आपल्या मुंबईत झाली होती. तिथे एन्टरप्राइजचं गोल्ड पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी अवारी या नवरा-बायकोने नेलं आणि फायरबॉल क्लासमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी आपल्याला गोल्ड मिळवून दिलं. आमची होडी त्या शर्यतीतली नव्हती. पण आम्ही भेटेल त्याला हा किस्सा अशा टोनमध्ये सांगायचो की समोरच्याने ते गृहीत धरावं.

पहिला वॉर्निंग सिग्नल टेम्पोतून उतरवतानाच मिळाला होता. या होडीचा रिकामा सांगाडा नव्वदेक किलोंचा असतो. चार माणसांनी सहज उचलावा. आम्हाला सहा जण लागले, वर मामा ओरडत होता तो वेगळा. आम्ही म्हटलं, जुनं काम आहे, मजबूत असणार. जुनं म्हणजे मजबूत हा आपला मराठी माणसाचा लाडका गैरसमज. खरं कारण वेगळं होतं. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून तिच्या कडेच्या बंद टाक्यांमध्ये फोम भरलेला होता आणि त्या फोमने वर्षानुवर्षांचं पावसाचं पाणी पिऊन ठेवलं होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आम्ही जे केलं त्याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत, ब्रायडल मेकअप म्हणतात. कॉस्टिक सोड्याने घासली. तडे आणि खड्डे गॅरेजवाल्याची लांबी भरून बुजवले. पॉलिशपेपर मारला. वर दोन हात पांढरा ऑइलपेंट, खाली निळा पट्टा. नाव ठेवलं ‘सिक लीव्ह’. म्हणजे बॉसने विचारलं, काल कुठे होतास, की खरं तेच सांगता यावं. फोटो टाकले, शंभरेक लाइक्स आले. पुढच्या रविवारी पाण्यात घालायची असं ऑफिसच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं.

त्याच्या आदल्या रविवारी पार्टनर नाक्यावर वडापाव आणायला गेला होता. मामाच्या ओळखीचे एक तांडेलकाका वाडीत आले. आयुष्य मासेमारीत गेलेलं, आता मुलगा फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. काकांनी होडीभोवती एक चक्कर मारली. मग खिशातून एक नाणं काढलं आणि होडीवर वाजवत निघाले. टक, टक, टक. पुढून मागे. मागच्या उभ्या फळीपाशी, जिथे सुकाणूच्या बिजागऱ्या बसतात, तिथे आवाज बदलला. टकचा झाला ठप. काकांनी परत वाजवलं. ठप.

‘हितं पोकल बोलतंय, पोरा,’ ते म्हणाले. ‘फोडून बघा. वरून रंग लावून काय होनार?’

मी म्हटलं, ‘हो काका, बघतो.’

पार्टनर वडापाव घेऊन आला. आम्ही खाल्ले. मी त्याला काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? हा प्रश्न मी स्वतःला नंतर बऱ्याचदा विचारला. पार्टनर सावध माणूस. त्याने लगेच प्लॅन कॅन्सल केला असता. ग्रुपवर जाहीर झालं होतं, वीस माणसं बघायला येणार होती, रंग नुकताच वाळला होता. आणि मनातल्या मनात मी स्वतःला हेही समजावलं की काका मासेमारीच्या होड्यांमधले, त्यांना शिडाच्या बोटीतलं काय कळणार. आपण ऑफिसात करतो ना, टेस्टिंगवाल्याने बग दाखवला की ‘नेक्स्ट रिलीजमध्ये बघू’? अगदी तेच.

डिसेंबरचा पहिला रविवार, तिथी द्वादशी. कोकणात भरती काढायचा एक सोपा फंडा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊला पूर्ण भरती आणि त्यानंतर दुपारी तीनपर्यंत ओहोटी. आम्ही साडेनऊला होडी पाण्यात घातली, कारण तेव्हा पाणी अगदी काठाशी होतं आणि चिखलात पाय भरत नव्हते. थंडीत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. म्हणजे वारा बाहेर जाणारा, पाणी बाहेर जाणारं आणि आम्ही दोघे मधोमध ‘वॉव’ म्हणत. कोर्लईचा किल्ला समोर दिसत होता. काय दृश्य होतं म्हणून सांगू!

वीसेक मिनिटं स्वर्ग होता. मग एक झोत आला, होडी कलली, पार्टनरने सुकाणू जोरात ओढलं आणि मागून लाकूड चिरल्यासारखा आवाज आला. वरची बिजागरी बोल्टसकट फळीतून उपटून हातात आली. सुकाणू नसलेली शिडाची होडी म्हणजे ब्रेक आणि हॅण्डल नसलेली बाइक. ती गर्रकन फिरली, बूम डोक्यावरून गेला आणि आम्ही पाण्यात.

उलटलेली होडी सरळ करायला आम्ही कोर्समध्ये शिकलो होतो. मधल्या फळीवर, म्हणजे सेंटरबोर्डवर उभं राहायचं आणि मागे वजन टाकायचं. होडी सरळ झाली. पण वर येऊन तरंगण्याऐवजी काठोकाठ पाण्यात बसून राहिली. टाक्यांमध्ये पाणी शिरत होतं. आम्ही बादलीने उपसत होतो आणि सेंटरबोर्डच्या खाचेतून तेवढंच पाणी वर येत होतं. किनारा लांब चालला होता.

आणि पार्टनरला पोहता येत नव्हतं.

कोर्समध्ये लाइफ जॅकेट घालून चाललं होतं, त्यामुळे तो कधी इश्यू झाला नव्हता. त्या दिवशीही त्याने जॅकेट घातलं होतं, घट्ट, सगळे बंद लावून. म्हणून हा कॉलम तुम्ही वाचताय, नाहीतर वेगळ्या पानावर वेगळी बातमी वाचली असती. अर्ध्या तासाने एक मच्छीमार होडी परत येताना दिसली. त्यांनी दोर टाकला, शिव्या घातल्या आणि ओढत आणलं. धक्क्यावर तांडेलकाका उभे होते. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘सांगितलं व्हतं ना.’

पार्टनरने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘काय सांगितलं होतं?’

परतीच्या लाँचमध्ये, मांडव्यापासून गेटवेपर्यंत, तो एक शब्द बोलला नाही. गेटवेला उतरल्यावर म्हणाला, ‘बोट तुझी. माझे साडेसात हजार सोडून दे.’ आणि टॅक्सीत बसला. ऑफिसमध्ये आमचं बोलणं ‘फाइल पाठवली’, ‘मिळाली’ एवढ्यावर आलं. पुढे त्याने फ्लोअर बदलून घेतला.

जानेवारीत मी एकटा वाडीत गेलो. खरं तर भंगारात द्यायचा विचार होता. पण जाताना खिशात दहाचं नाणं घेतलं होतं. पूर्ण होडी वाजवली, जिथे आवाज ठप आला तिथे मार्करने गोल केला. संध्याकाळी होडीकडे बघितलं तर तिला कांजिण्या आल्यासारखी दिसत होती. एकूण सतरा गोल.

मागची फळी आतून कापली. फायबरग्लासच्या होडीत ही फळी म्हणजे सँडविच असतं. बाहेर काचेच्या धाग्यांचा थर, आत थर, मध्ये प्लायवूड. बिजागऱ्यांचे बोल्ट बसवताना कुणीतरी भोकांना सीलंट लावलं नव्हतं. त्या चार भोकांतून थेंब थेंब पाणी आत गेलं आणि प्लायचा चहात बुडवलेला पाव झाला. मी हाताने, अक्षरशः बोटांनी, मूठ मूठ काळा लगदा बाहेर काढला. हाच लगदा आम्ही ऑइलपेंटखाली झाकून त्यावर एका न पोहणाऱ्या माणसाचा जीव टांगला होता. त्या दिवशी ठरवलं. भंगार नाही. आता सगळं उघडायचं.

काकांचा मुलगा गुरू म्हणून मिळाला. मी त्याला दादा म्हणतो, तो मला ‘कम्प्युटर’ म्हणतो. त्याचा पहिला धडा होता की आधी रेझिनला घाबर. फायबरचं काम म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट किंवा कापड आणि ते चिकटवणारं रेझिन. साध्या पॉलिएस्टर रेझिनसोबत दोन बाटल्या येतात. एक जांभळट कोबाल्ट, दुसरी पाण्यासारखी दिसणारी एमईकेपी, म्हणजे आपलं हार्डनर. कोबाल्ट रेझिनमध्ये आधी नीट ढवळायचं, हार्डनर शेवटी. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही, कधीही मिसळायच्या नाहीत. भडका उडतो. आणि हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. त्यामुळे गॉगल घातल्याशिवाय दादा बाटलीचं झाकण उघडू देत नसे.

दुसरा धडा मी स्वतः शिकलो. मशीद बंदरच्या गल्लीतून रेझिन आणलं होतं. किलोला साधारण एक ते दोन टक्के हार्डनर, म्हणजे दहा ते वीस ग्रॅम. मी म्हटलं, वीस टाकू, लवकर होईल. मे महिना, दुपारचे दोन, वाडीत पस्तीस डिग्री. मी मॅटवर ब्रश मारतोय तोवर मग गरम लागायला लागला, मग त्यातून धूर, मग तळ वितळून मग जमिनीवर बसला. तो मामीचा बाथरूममधला मग होता. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं आणि एका भांड्यात जास्त साठवलं की ती उष्णता आतच कोंडते. म्हणून थोडं थोडं कालवायचं, पसरट भांड्यात, शक्यतो सकाळी. मामीला नवा मग आणि वर एक साडी घ्यावी लागली. हा खर्च कुठल्याही मॅन्युअलमध्ये दिलेला नसतो.

तिसरा धडा खाजेचा. फायबर घासताना उडणारी धूळ म्हणजे काचेची पूड. पहिल्या दिवशी मी शॉर्ट्समध्ये ग्राइंडर चालवला आणि रात्रभर मांजरासारखा खांबाला पाठ घासत बसलो. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क, आणि काम झाल्यावर आधी गार पाण्याने अंघोळ. रेझिनच्या वासाला मात्र धुळीचा मास्क पुरत नाही, त्यासाठी कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो. ‘डोकं जरा हलकं वाटतंय’ असं झालं की ती मजा नसते, ती वाफ असते.

मग पावसाळा आला. या कामात सगळ्यात अवघड काय असेल तर थांबणं. होडीच्या तळाला बारीक फोड आले होते. फोडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास. वरच्या चकचकीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, आतल्या रसायनात मिसळतं आणि फोड येतात. असे फोड घासून उघडायचे, गोड्या पाण्याने परत परत धुवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. आता कोकणात जून ते सप्टेंबर काय वाळणार? लोणच्याच्या फोडी वाळत नाहीत. होडी ताडपत्रीखाली उलटी ठेवली आणि चार महिने मी दारूखान्यातून दोर, कड्या, पुली आणि नागदेवी स्ट्रीटवरून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट गोळा करत फिरलो. तिथल्या एका दुकानदाराने विचारलं, ‘फॅक्टरी किधर है?’ मी म्हटलं, मामाच्या वाडीत.

ऑक्टोबर २०२३मध्ये खरं काम सुरू झालं. भोक बुजवताना नुसता ठिगळाचा तुकडा चिकटवायचा नसतो. कडेने उतार द्यायचा, जाडीच्या बारापट. म्हणजे तीन मिलिमीटर जाडी असेल तर छत्तीस मिलिमीटरचा उतार, चहाच्या बशीसारखा. मग नवे थर त्या बशीत लहान-मोठे बसतात आणि जुनं आणि नवं एकमेकांना भरपूर धरतं. का? कारण जुनं फायबर आता रासायनिकदृष्ट्या मेलेलं असतं. नवं रेझिन त्याच्याशी विरघळून एक होत नाही, फक्त खरबरीत पृष्ठभागाला धरून राहतं. जितकी जागा, तितकी पकड.

फळीसाठी दादाने इपॉक्सी वापरायला लावलं. महाग, पण जुन्यावर पॉलिएस्टरपेक्षा छान पकडतं. तिथेही एक मेख आहे. साध्या मॅटचे धागे ज्या द्रव्याने धरलेले असतात, ते पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेलं काचेचं कापड घेतलं. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय कापून बसवलं, कडा इपॉक्सीने बंद केल्या, वर कापडाचे थर, प्रत्येक थरातली हवा रोलरने दाबून काढायची. बोल्टची भोकं आधी मोठी पाडली, इपॉक्सीने पूर्ण भरली आणि त्या भरावातून परत लहान भोक पाडलं. आता पाणी शिरलं तरी लाकडाला भेटणार नाही. टाक्यांमधला ओला फोम पिळून, ओरबाडून काढला. वजन केलं नाही, पण पोत्यांची ने-आण करताना मामा जे बोलला ते छापता येणार नाही. टाक्या नव्याने बंद केल्या, साबणाचं पाणी लावून सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरली. जिथे बुडबुडे, तिथे गळती. सगळे बुडबुडे बंद व्हायला तीन वीकेण्ड गेले.

या सगळ्याचे फोटो मी पार्टनरला पाठवत होतो. सॉरी एकदाच म्हटलं होतं, डिसेंबरमध्ये, मेसेजवर. त्याला दोन निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. त्यानंतर नुसते फोटो. काळा लगदा. वितळलेला मग. नवी फळी. निळ्या टिक्स, निळ्या टिक्स. जानेवारीत बोल्टचा फोटो टाकला तेव्हा पहिल्यांदा उत्तर आलं. तीन शब्द. ‘भोकं सील केलीस?’

मी इतक्या वेगाने टाइप केलं की ऑटोकरेक्टने हात टेकले.

फेब्रुवारीत तो आला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, तिथून रिक्षाने. मामीने नेहमीसारखं जेवायला वाढलं, कुणी काही विचारलं नाही. जेवून उठला, खिशातून नाणं काढलं आणि होडीपाशी जाऊन बसला. पुढच्या टोकापासून सुरुवात. टक, टक, टक. एक तासभर. वळचणीतल्या जागा, टाक्यांच्या कडा, सेंटरबोर्डची पेटी, काही सोडलं नाही. मी बाजूला पॉलिशपेपर घेऊन उभा, बोर्डाच्या परीक्षेला बाहेर थांबलेल्या पालकासारखा. मागच्या फळीपाशी त्याने नाणं सगळ्यात जास्त वाजवलं. टक. टक. टक. मग नाणं खिशात ठेवलं.

‘मी सहा महिने म्युनिसिपालटीच्या तलावात पोहायला शिकतोय,’ तो म्हणाला. ‘दोनशे मीटर जमतं.’

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार, नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला ओहोटी संपणार आणि मग संध्याकाळपर्यंत भरती. तिथीही भांगाची, म्हणजे पाण्याला उधाणाचा जोर नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. वारा आत येणारा, पाणी आत येणारं. काही बिघडलंच तर दोन्ही आपल्याला घराकडेच ढकलणार. हे सगळं कॅलक्युलेशन त्याने केलं होतं. मी फक्त चिखलात होडी ढकलली, मांडीपर्यंत. बघायला कुणालाही बोलावलं नव्हतं. तांडेलकाका आपणहून आले आणि नाळेला हळद-कुंकू लावून नारळ फोडून गेले.

या वेळी सुकाणू त्याच्या हातात आणि शीड माझ्याकडे. तासभर खाडीत फिरलो. बिजागरी हलली नाही. तळात एक कपभर पाणी आलं, ते कुठून येतंय ते अजून सापडलेलं नाही. दोघांपैकी कुणीही ‘वॉव’ म्हटलं नाही. परत येताना तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी कुणी काही बोललं तर मला सांगायचं. वडापाव थंड झाला तरी चालेल.’

मी म्हटलं, सांगेन.

साडेसात हजारांचा विषय परत निघाला नाही. एकूण खर्च मात्र लाखाच्या घरात गेला आहे आणि त्याचा अर्धा तो दर महिन्याला हप्त्याने देतो. मी नको म्हणून बघितलं. तर म्हणाला, मालकी अर्धी असेल तर नाणं वाजवायचा हक्कही अर्धा राहतो.

तेव्हा त्या ज्युनिअरला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हो, माझ्याकडे बोट आहे. अर्धी. या शनिवारी यायचं तर ये, पॉलिशपेपर माझा. आणि हो, नाणं तुझं तू आण.

तुम्हालाही किडा चावला असेल तर…

* घेण्याआधी पूर्ण होडी नाण्याने वाजवा. खणखणीत आवाज चांगला, ठप आवाज म्हणजे आत थर सुटलेत किंवा लाकूड कुजलंय. शंका आली तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडून भुसा बघा. कोरडा पिवळट असेल तर ठीक, ओला काळा असेल तर किंमत पाडा किंवा घरी जा.

* होडी अपेक्षेपेक्षा जड वाटली तर टाक्यांमध्ये किंवा फोममध्ये पाणी आहे असं समजा.

* गाडीची लांबी आणि ऑइलपेंट ही दुरुस्ती नाही. पाण्याखालच्या भागाला आधी फायबर, मग इपॉक्सीची पुट्टी, मग दोन घटकांचा पीयू पेंट.

* कोबाल्ट आणि हार्डनर एकत्र कधीच नाही. गॉगल, हातमोजे, रेस्पिरेटर, उघडी हवा. घट्ट होणारं उरलेलं रेझिन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आग लागू शकते. मोकळ्यावर पूर्ण गार होऊ द्या.

* बोल्टचं प्रत्येक भोक सील करा. होडी लाटेने कमी आणि भोकाने जास्त मरते.

* पाण्यात जाण्याआधी तिथी, वारा आणि स्थानिक मच्छीमार, तिघांनाही विचारा. बंदराच्या कार्यालयातही चौकशी करा.

* लाइफ जॅकेट. पोहता येत असलं तरी.